डावीकडचं वजन

सोसायटीच्या फाटकाबाहेरच्या स्पीडब्रेकरवर गाडी आदळली आणि हनुमंतचा डावा हात स्टीअरिंग सोडून बाजूच्या सीटकडे गेला. गेला म्हणजे त्याने नेला नाही. पंजा उघडून तो रुपालीच्या गळ्याखाली, खांद्याच्या हाडापाशी टेकला आणि तिथेच राहिला. आडवं झोपलेलं माणूस खाली सरकू नये म्हणून धरावं तसा. "लागलं?" त्याने विचारलं. रुपालीला आधी हसू आलं. रोज सकाळी तो तिला तळेगाव स्टेशनजवळच्या शाळेत सोडून पुढे नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात जायचा, रोज ह्याच स्पीडब्रेकरवर गाडी आदळायची, आणि इतक्या वर्षांत लागलं का म्हणून त्याने कधी विचारलं नव्हतं. मग तिचं हसू थांबलं, कारण हात अजून तिथेच होता, आणि विचारणारा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. तिने त्याचं मनगट धरलं. "अहो," ती हळूच म्हणाली, "मी आहे." त्याने हात काढून घेतला. मागे दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवत उभा होता. त्याने गाडी शाळेपर्यंत नेली. उतरताना तिने विचारलं की लोणावळ्याच्या त्या गाडीचं काम अजून किती रविवार चालणार आहे. त्याने झालंच आता म्हणून सांगितलं. पण तळहाताला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं ते कारखाना आला तरी गेलं नाही. त्या हाताला गोणपाट लागायला हवं होतं. खरखरीत, आतून किंचित हलणारं गोणपाट. त्याच्या जागी साडीचं मऊ कापड लागलं, आणि कापडाखाली बायकोचा श्वास.

कारखान्यात हनुमंत गाड्यांचे शॉक अ‍ॅब्झॉर्बर तपासायचा. त्याच्या विभागात एक उंच यंत्र होतं. त्यात शॉक अ‍ॅब्झॉर्बर उभा पकडायचा, यंत्र त्याला खाली दाबायचं, वर ओढायचं, पुन्हा दाबायचं, हजारो खड्ड्यांचं आयुष्य एका दिवसात त्याच्या अंगावर घालायचं. काचेच्या अलीकडे बसून हनुमंत पडद्यावरची रेषा बघायचा. रेषा कुठे बोथट झाली, कुठे टोकदार, ह्यावरून आतलं तेल दमलंय की रबर फाटलंय हे त्याला कळायचं. हादरा नाहीसा होत नाही, हे त्याने नव्या मुलांना शिकवताना कितीदा सांगितलं होतं; तो फक्त दुसरीकडे जातो, तेलात जातो, तेल तापतं, संपलं. पण हे सांगताना त्याला नेहमी वाटायचं की वाक्य पुरं झालेलं नाही. तेलात जाण्याआधी, किंवा तेलातून सुटून, थोडासा हादरा आणखी कुठेतरी जात असणार. कुठे, ते त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

लोणावळ्याच्या महिपतरावांचा फोन पावसाळा संपता संपता आला होता. तिथल्या एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने हनुमंतचं नाव सुचवलं होतं, कारण त्या जुन्या गाडीच्या स्प्रिंगला हात लावायला तो स्वतः तयार नव्हता. तुंगार्लीत, धरणाकडे चढणाऱ्या रस्त्याला महिपतरावांचा बैठा बंगला होता, वर एकच खोली, पोर्चच्या बरोबर डोक्यावर. पोर्चमध्ये गाडी उभी होती. दोनच सीट, फायबरचं अंग, लांब सपाट नाक, आणि उंची इतकी कमी की हनुमंतला वाकून तिच्या टपावर कोपर टेकता आलं. साठ-सत्तर सालची विलायती स्पोर्ट्स कार, इंग्रज साहेबाच्या मुलखातून बोटीने आलेली. त्याने मागच्या बाजूला हात घालून तिला सहज उचलून पाहिलं, तर चाक जमिनीवरून सुटायला आलं. असली हलकी गाडी त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. महिपतराव सत्तरी ओलांडलेले, खांद्यांनी रुंद, आवाजाने अतिशय हळू. त्यांनी सांगितलं की त्यांच्या पत्नीला, लीलाताईंना, हाडांचा आजार आहे, कर्करोग हाडांत उतरलाय. डॉक्टरांनी प्रवासच करू नका म्हटलंय, साध्या धक्क्यानेही हाड मोडू शकतं. घरात दुसरी मोठी, ऐसपैस गाडी आहे, पण लीलाताईंना एकदा ह्याच गाडीतून घाटमाथ्याच्या कडेपर्यंत जायचंय. म्हणून गाडी अशी करून द्यायची की डावीकडे बसणाऱ्याला रस्ता लागता कामा नये. "माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी तुम्हीच चालवा. तिला काही म्हणजे काही जाणवू देऊ नका, हनुमंतराव."

हनुमंतने त्यांना समजावून सांगितलं की एवढ्या हलक्या गाडीत माणसाचं वजन हेच मोठं वजन असतं. स्प्रिंग बसवायची ती त्या वजनाच्या हिशोबाने. वजन कमी असेल तर तीच स्प्रिंग कडक लागते, दगडासारखी. जास्त असेल तर दबून जाते. तेव्हा काकूंचं वजन कळायला हवं. महिपतरावांनी मान हलवली. तिला काट्यावर उभं करता येत नाही, ते म्हणाले, आणि हॉस्पिटलात सांगतात त्यावर माझा विश्वास नाही. मग त्यांनी विचारलं की सीटवर ठेवायला काही आणलंय का. वजनाला लागेल म्हणून हनुमंतने घरून तांदळाचं पोतं आणलं होतं, आंदर मावळातल्या भावाच्या शेतातला इंद्रायणी. वाळूपेक्षा तांदूळ बरा, सीटच्या आकाराला बसतो आणि हवा तेवढा कमी-जास्त करता येतो. महिपतरावांनी ते पोतं पाहिलं. वाकून त्यांनी एक हात पोत्याच्या वरच्या टोकाखाली घातला, दुसरा मधोमध, गुडघ्यांखाली घालावा तसा, आणि ते उचलून छातीशी घेतलं. डोळे मिटले. तसेच उभे राहिले, शरीराचा भार ह्या पायावरून त्या पायावर देत, किंचित झुलत. हनुमंतला तिथून निघून जावंसं वाटलं. "जास्त आहे," महिपतराव डोळे न उघडता म्हणाले. "काढा थोडे." त्याने घमेल्यात तांदूळ काढले. त्यांनी पुन्हा उचललं, पुन्हा डोळे मिटले. असं करता करता एकदा त्यांचा चेहरा सैल झाला, आणि त्यांनी पोतं हळूच, पाठ आधी टेकेल अशा बेताने, डाव्या सीटवर ठेवलं, पट्टा ओढून लावला. वरच्या खोलीचा पडदा बंद होता.

त्या रविवारी त्याने डावीकडच्या दोन्ही स्प्रिंग काढून त्याहून मऊ बसवल्या, त्यांच्याखालची रिंग आकड्याच्या पान्याने फिरवत चारही चाकांवरचा भार पोत्यासकट सारखा करून घेतला, आणि गाडी बाहेर काढली. पुढच्या रविवारी तो आला तेव्हा महिपतरावांनी आधी पोतं उचललं आणि म्हणाले, काढा. तिसऱ्या खेपेला पुन्हा, काढा. दर आठवड्याला पोतं हलकं होत होतं, आणि दर आठवड्याला त्याच स्प्रिंग कडक व्हायच्या, कारण खाली दाबणारं काही उरत नव्हतं. हनुमंत आणखी मऊ स्प्रिंग शोधून आणायचा, शॉक अ‍ॅब्झॉर्बरमधलं तेल पातळ करायचा. त्याच्या मनात आलं की आपण एका बाईला अजून पाहिलेलं नाही, तिचा आवाज ऐकलेला नाही, पण ती किती संपत आलीय हे तिच्या नवऱ्याखालोखाल आपल्यालाच माहीत आहे. एका रविवारी दुपारी महिपतरावांनी त्याला जेवायला बसवून घेतलं. स्वयंपाक करणाऱ्या झुंबरबाईंनी ताट आणून ठेवलं, भाजी, आमटी आणि वाफ येणारा भात. भाताचा वास त्याला ओळखीचा वाटला. त्याने घास हातात घेतला आणि सहज म्हटलं की तांदूळ इंद्रायणी दिसतो.

"तुमचाच हाय की त्यो," झुंबरबाई म्हणाल्या. "पोत्यातला काडता त्यो. वाया कशाला घालवायचा? दर आयतवारी शिजवतीया."

घास हातातच राहिला. समोर महिपतराव शांतपणे जेवत होते, आमटी कालवून, सावकाश, एक शीत न सांडता. हनुमंतने घास तोंडात घातला आणि चावला, आणि तो गिळताना घशाला जो आकार जाणवला तो पुढे कित्येक दिवस त्याला कुठलाही भात खाताना जाणवत राहिला.

गाडी तपासायला तो पोत्यासकट दूर जायचा. तुंगार्लीतून उतरून, भुशीचा रस्ता चढून, वर घुसळखांबच्या बाजूला, जिथे सुट्टीची गर्दी मागे राहते आणि दोन्ही बाजूंना कारवीची दाटी सुरू होते. दिवाळी झाली होती, सोनकी सुकून गेली होती, सकाळी दरीतलं धुकं रस्त्यावर चढून बसायचं. उजवीकडे तो, डावीकडे पट्टा लावलेलं पोतं. पहिल्या दिवशी ते नुसतं पोतं होतं. नंतर नंतर वळणावर ते त्याच्याकडे कलायचं आणि आत तांदूळ सरकल्याचा आवाज यायचा, झोपेत कूस बदलल्यासारखा, तेव्हा तो नकळत गाडी हळू करायचा. खड्डा दिसला की त्याचा डावा हात पोत्यावर जायचा. पुढे पुढे तो आधीच सांगू लागला, की आता पूल येतोय, आता जरा खडी आहे. स्वतःचा आवाज त्या बुटक्या गाडीत ऐकून तो दचकायचा. एकदा धुक्यात समोरून एक म्हैस आडवी आली, त्याने करकचून ब्रेक लावला, पोतं पुढे झुकलं आणि पट्ट्याशी अडकून थांबलं, आणि त्याच्या कानाला स्पष्ट ऐकू आलं, हं. तोंड मिटून आतल्या आत दाबलेलं. म्हैस निघून गेली तरी तो रस्त्यात इंजिन चालू ठेवून बसून राहिला. त्याला त्या आवाजाची भीती वाटली नव्हती. तो ऐकून त्याला बरं वाटलं होतं, आणि बरं वाटलं ह्याची भीती वाटली होती.

कारण तो आवाज त्याच्या आईचा होता. भागुबाई डोंगरातून गवताचा भारा घेऊन उतरताना दगडावरून घसरली तेव्हा तो तळेगावात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता आणि त्या दिवशी घरी आलेला होता. वस्तीपर्यंत रस्ता नव्हता. चौघांनी घोंगडीत घालून तिला खालच्या रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीप मिळाली. मागच्या फळीवर तो मांडी घालून बसला, तिचं डोकं मांडीवर, डावा हात तिच्या गळ्याखाली टेकवून, ती सरकू नये म्हणून. आंदर मावळातला तो रस्ता म्हणजे पावसाने उकरलेले धोंडे. प्रत्येक धोंड्यावर जीप उडायची आणि आई तोंड मिटून म्हणायची, हं. एकदा तिने डोळे उघडून सांगितलं, "हनम्या, लय आदळतंय रं." त्याने ड्रायव्हरला ओरडून हळू घ्यायला लावलं. पण हळू घेतलं तरी रस्ता तोच होता, हं, हं, हं, आणि त्या प्रत्येक हुंकाराला तो पंजा जरा आणखी दाबून धरायचा. मग नवलाख उंबऱ्याच्या अलीकडे कारखान्यांसाठी केलेला नवा रस्ता लागला, गुळगुळीत, रुंद, अजून पट्टेसुद्धा न मारलेला. जीप एकदम पाण्यावर आल्यासारखी चालू लागली. आई गप्प झाली. त्याला वाटलं, बरं वाटलं तिला, डोळा लागला. त्याने स्वतः डोळे मिटले आणि मांडीवरचं ते ओझं किती शांत झालंय ह्याचं सुख अनुभवत तळेगाव येईपर्यंत बसला. हॉस्पिटलच्या दारात त्याला कळलं. आता त्याच रस्त्याच्या कडेला त्याचा कारखाना होता, आणि रोज त्याच रस्त्यावरून, आवाज न करणाऱ्या गाडीतून, तो कामाला जात होता. नेमकी कुठल्या जागी ती गप्प झाली हे त्याला कधीच कळणार नव्हतं. जागा सगळ्या सारख्या होत्या.

ठरलेल्या सकाळी धुकं पोर्चपर्यंत आलं होतं. महिपतरावांनी लीलाताईंना जिन्यावरून उचलून आणलं. शालीत गुंडाळलेल्या, केस बारीक कापलेले, पायांत जाड मोजे. डोळे मात्र मोठे आणि सगळीकडे फिरणारे. हनुमंतने नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. महिपतरावांनी त्यांना डाव्या सीटवर ठेवलं, पाठ आधी, मग पाय, आणि पट्टा लावला. हनुमंतची नजर चाकावरच्या फटीकडे होती. ह्या गाडीत कुणीही बसलं की ती लगेच खाली यायची, मांजर बसलं तरी समजेल इतकी. फट तशीच राहिली, जणू कुणी बसलंच नव्हतं. तो थोडा वेळ बघत राहिला, आणि मग त्याला जाणवलं की महिपतरावही तिथेच बघतायत. दोनच सीटची गाडी, त्यांना येता येणार नव्हतं. फाटकाशी ते उभे राहिले, आणि वळणावर मागे पाहिलं तेव्हा धुक्यात फक्त त्यांचा पांढरा सदरा दिसत होता.

इतके आठवडे केलेलं काम त्या दिवशी पुरं झालं होतं. भुशीच्या चढावर खडी उखडली होती, पुढे पावसाने रस्त्याची कड खाल्ली होती, पण डावीकडे काहीच पोचत नव्हतं. चाकं खाली आपापली उचकत होती आणि वरचं अंग स्थिर, जणू ते त्या चाकांचं नव्हतंच. त्याने एक-दोनदा विचारलं, त्रास होतोय का. त्यांनी नाही म्हटलं. काचेबाहेर सगळं पांढरं होतं, झाड नाही, कठडा नाही. डावीकडे कुणी आहे की नाही हे पाहायला त्याने मान वळवली. लीलाताई काचेला हात लावून बसल्या होत्या.

"मला काही कळतच नाहीये," त्या म्हणाल्या. "आपण चाललोय का?"

चाललोय की, तो म्हणाला. त्याने वेगाचा काटा पाहिला. काटा गाडी चालल्याचं दाखवत होता. त्याखेरीज कशानेही ते सिद्ध होत नव्हतं.

"थांबवा," त्या म्हणाल्या.

त्याने घुसळखांबच्या अलीकडे कडेला गाडी घेतली. इंजिन बंद झाल्यावर काहीच बदललं नाही, तीच शांतता, तेच पांढरं. लीलाताई बोलू लागल्या तेव्हा त्यांचा आवाज त्याने मनात धरला होता त्यापेक्षा बराच जाड होता. ही गाडी त्यांची होती. त्यांच्या वडिलांचा लोणावळ्यात दवाखाना होता, एका परत जाणाऱ्या साहेबाकडून त्यांनी ती मुलीला घेऊन दिली, आणि त्या लग्नाआधीपासून ह्या घाटात ती चालवत होत्या. महिपतरावांना गाडी चालवता येत नाही. डोळ्यांचं त्यांनी सांगितलं असेल, पण डोळे चांगले आहेत. ते शिकलेच नाहीत, सगळा जन्म ते डावीकडे बसले, वळण आलं की मुकाट्याने अंग कलवून. "मी ह्या सीटवर कधी बसलेच नव्हते," त्या म्हणाल्या. "इथून गाडी कळत नाही. मला तिकडे बसवा."

हनुमंतने नाही म्हटलं. डॉक्टरांचं सांगितलं, महिपतरावांना दिलेल्या शब्दाचं सांगितलं. स्प्रिंगचंही सांगितलं, की तो भार उजवीकडे गेला आणि आपण डावीकडे बसलो तर गाडी वाकडी होईल, ती त्यासाठी केलेलीच नाही. लीलाताईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्याच्याकडे सांगण्यासारखं एवढंच उरलं, की काकू, फार दुखेल.

"दुखतंच आहे," त्या म्हणाल्या. "तेवढंच तर कळतं मला अजून. आणि तुम्ही तेही बंद करून टाकलंत."

तो उतरला. डावीकडे जाऊन दार उघडलं. वाकून एक हात पाठीखाली घातला, दुसरा गुडघ्यांखाली, आणि त्यांना उचललं, आणि त्याच्या दोन्ही दंडांनी ते वजन ओळखलं. काल संध्याकाळी पोतं सीटवरून काढताना त्याने तेच उचललं होतं, तितकंच, मूठभरही कमी-जास्त नाही. त्याला वाटलं आता आतून सरकल्याचा आवाज येईल. त्याऐवजी त्यांच्या तोंडाचा ऊन वाफारा त्याच्या मानेवर आला. गाडीला वळसा घालून त्याने त्यांना उजवीकडे बसवलं, सीट पुढे ओढून दिली. त्यांनी हात वर करून मधला आरसा स्वतःकडे झुकवला, त्यात क्षणभर पाहिलं, आणि मग परत कधी पाहिलं नाही. तो डावीकडे बसला. त्याच्या वजनाने ती बाजू खाली गेली, गेली, आणि खालच्या रबरापर्यंत जाऊन थांबली.

क्लच त्या दोन्ही हातांनी मांडी दाबून द्यायच्या; मान हलवली की तो गिअर टाकायचा. गाडी लंगडत निघाली. डावीकडे झुकून, एक खांदा जमिनीला घासत चालणाऱ्या जनावरासारखी. पहिला खड्डा साधा होता, पण त्याच्या बाजूला दबायला काही उरलंच नव्हतं; तो खड्डा सरळ त्याच्या माकडहाडातून वर टाळूपर्यंत गेला. त्याने दात आवळले. उजवीकडे पाहिलं. लीलाताईंच्या ओठांतला रंग गेला होता, कपाळावर घाम होता, आणि चेहरा असा उघडा होता की त्याने नजर वळवली. "हां," त्या म्हणाल्या. "आता लागला रस्ता." पुढचा खड्डा त्यांनी चुकवला नाही. त्याच्या पुढचाही नाही. प्रत्येक वेळी गाडी आपटायची, प्रत्येक वेळी तो सीटवरून उडून पडायचा, आणि हळूहळू त्याला डोळे मिटूनही समजू लागलं की इथे खडी आहे, इथे मोरी गेली, इथे चढ संपला. धुकं इतकं दाट होतं की गाडीचं नाकसुद्धा दिसत नव्हतं. लीलाताईंचा वेग वाढत होता. कडा इथेच कुठेतरी होता, पावसात लोक जिथे धबधबे बघायला थांबतात तो, आणि तिथलं वळण त्याला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक असणारच. त्यांचे हात अजून सरळ होते. त्याने हँडब्रेकवर हात ठेवला. ओढावा असं वाटलं, आणि ओढू नये असंही, आणि ह्यातलं कुठलं आपलं आहे हे त्याला सांगता आलं नसतं. मग त्यांनी दोन्ही पाय ब्रेकवर दाबले. गाडी आडवी सरकून थांबली, इंजिन बंद पडलं. कठड्याचे दगड हाताच्या अंतरावर होते, आणि पलीकडून खालचा वारा वर येत होता.

बराच वेळ त्या धापा टाकत होत्या. नंतर त्यांनी शांतपणे सांगितलं की डावी बाजू फार बिघडवून ठेवलीय, गाडी होती तशी करून टाका, जुन्या स्प्रिंग आहेत घरात. ह्यांना मी सांगितलं म्हणू नका, वाईट वाटेल. मऊ स्प्रिंग दबून गेली म्हणून सांगा.

परतीला त्याने चालवलं, अगदी हळू. धुक्यात आरशाची गरज पडली नाही. फाटकाशी महिपतराव त्याच जागी उभे होते. त्यांनी पत्नीला उचलून घेतलं आणि काही जाणवलं का म्हणून विचारलं. "काही नाही," लीलाताई म्हणाल्या, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून डोळे मिटले. पुढच्या रविवारी हनुमंतने जुन्या कडक स्प्रिंग बसवल्या. महिपतरावांनी पोतं मागितलं नाही. वरचा पडदा उघडा होता, आणि काम करताना त्याला आपल्या मानेवर कुणाची तरी नजर जाणवत होती. गाडी चालवून पाहिल्याशिवाय तो पहिल्यांदाच निघून आला. त्याच आठवड्यात लीलाताई गेल्या. त्या दिवसाचं काही कारण झालं का, हे कुणी म्हटलं नाही. त्याने विचारलं नाही. रुपालीला त्याने सगळं सांगितलं, आईचं सुद्धा, जे इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं, आणि सांगून झाल्यावर ती त्याचा डावा हात आपल्या हातात घेऊन बसली.

दिवसकार्य झाल्यावर महिपतरावांनी बोलावून घेतलं. ते पोर्चमध्ये, गाडीत डावीकडे बसलेले होते, आणि गाडी त्या बाजूला नेमकी तेवढी झुकली होती जेवढी झुकायला हवी. दार उघडून हनुमंत उजवीकडे बसला. त्यांनी समोर पाहतच विचारलं, "त्या दिवशी तिने चालवली?"

हनुमंतने व्हय म्हटलं. कारखान्यात आणि तळेगावात इतकी वर्षं हो म्हणत असलेल्या त्याच्या तोंडून तेवढं व्हय निघून गेलं. महिपतरावांनी आरशाकडे बोट दाखवलं. आरसा अजून लीलाताईंच्या उंचीला होता. त्यात हनुमंतला मागची काच दिसत नव्हती, फक्त दोन सीटमधली मोकळी जागा. त्याने तो नीट करायला हात वर केला. "राहू द्या," महिपतराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मग त्यांनी विचारलं की आपटली का गाडी. खूप आपटली, हनुमंतने सांगितलं. त्यांनी मान डोलवली, पुन्हा पुन्हा डोलवली, आणि चला म्हणाले.

भुशीच्या वर धुकं होतंच. गाडी आता कडक होती, खडीचा प्रत्येक दगड दोघांना सारखा लागत होता. महिपतरावांनी पट्टा लावला नव्हता. हात मांडीवर, डोळे मिटलेले. पहिल्या वळणाला हनुमंतच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्याला आलं. वळण दिसायच्या आधी, स्टीअरिंग हलायच्या आधी, ते अंग कलवत होते, उजवीकडे, मग सावकाश सरळ, मग पुन्हा. आणि वळण त्यांच्या मागोमाग येत होतं. त्याने वेग कमी करायला पाय उचलला, आणि पाय उचलायची गरज नाही हे त्याला समजलं. घुसळखांब मागे पडलं. पुढचा रस्ता पुसला गेला, बॉनेट पुसलं गेलं, काचेपर्यंत पांढरं आलं. कड्याचं वळण इथेच कुठेतरी होतं, आणि महिपतराव डावीकडे कलले. रस्ता न दिसताच, त्यांच्या मागोमाग, त्याने स्टीअरिंग डावीकडे वळवलं.